महागड्या महानगरात जाताना: भाडे आणि प्रवास यांचा एकत्र हिशेब

मोठ्या शहरात नोकरी लागली की घर शोधायची एक ठरलेली पद्धत असते. ऑफिसच्या आसपासची भाडी बघायची, डोळे पांढरे झाले की नकाशावर बाहेर बाहेर सरकत जायचे, आणि जिथे भाडे खिशाला झेपेल तिथे थांबायचे. येण्याजाण्याचे मग "बघू काहीतरी". पण भाडे आणि प्रवास हे एकाच गोष्टीचे दोन हप्ते आहेत. एक कमी केला की दुसरा वाढतो, आणि हा दुसरा हप्ता थोडा पैशांत आणि बराचसा वेळात फेडावा लागतो. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये दोन्ही एकाच पानावर मांडले आहेत. आकडे कुठल्याही चलनात वापरता यावेत म्हणून महिन्याला हातात येणारा पगार १०० भाग धरला आहे.

पायरी १: पगाराचा खरा आकडा काढा

ऑफर लेटरवरच्या वार्षिक आकड्यावर घर शोधू नका. कर, निवृत्तीचे पैसे, विम्याचा हप्ता हे सगळे कापून खात्यात काय पडणार, ते कंपनीच्या एचआरकडून लेखी घ्या. वर्षातून एकदा मिळणारा बोनस महिन्याच्या हिशेबात धरायचा नाही.

"उत्पन्नाच्या ३० टक्के भाडे" हा नियम सगळ्यांनी ऐकलेला असतो. त्याचा उगम अमेरिकेतल्या सरकारी घरांच्या भाड्यात आहे. १९६९ साली सिनेटर एडवर्ड ब्रुक यांच्या दुरुस्तीने त्या घरांचे भाडे उत्पन्नाच्या २५ टक्क्यांवर बांधले गेले आणि १९८१ मध्ये ती मर्यादा ३० टक्के झाली. म्हणजे सरकारने आपल्या भाडेकरूंकडून किती घ्यावे याचा तो आकडा. खाजगी बाजारात तुमच्यासारख्याने किती द्यावे, हे त्यात कोणी तपासलेले नव्हते. तरी न्यूयॉर्कमधले घरमालक आजही वार्षिक उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या ४० पट आहे का हे बघतात. वर्षाच्या १२ भाड्यांना ४० ने भागा, तेच ३० टक्के निघतात, आणि तेही करकपातीच्या आधीच्या पगारावर. कपात २५ टक्के असेल, तर हातातल्या पगाराचे ४० टक्के एकट्या भाड्यात गेले.

मला उलटी पद्धत बरी वाटते. आधी जे टळणारच नाही ते लिहा: घरी पाठवायचे पैसे, कर्जाचा हप्ता, जेवणखाण, फोन, औषधे, आणि थोडी का होईना पण बचत. १०० मधून हे वजा करून जे उरेल, त्यात घर, वीज-पाणी-इंटरनेट आणि प्रवास, तिन्ही बसले पाहिजे. शिकागोतल्या सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी या संस्थेचा परवडणाऱ्या वस्त्यांचा निर्देशांक घर आणि प्रवास मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांची मर्यादा मानतो. नवख्याला महागड्या शहरात पहिल्या वर्षी तिच्या थोडे वर जावे लागेल. ५५ च्या वर मात्र गेलात, तर एखादा आजार किंवा घरच्यांकडे जायचे तातडीचे तिकीट थेट क्रेडिट कार्डावर जाते.

पायरी २: सुरुवातीची पुंजी

दरमहाचे भाडे झेपणारी माणसेही पहिल्या आठ आठवड्यांत अडचणीत येतात, कारण सगळे खर्च एकदम येतात आणि पगार उशिरा. महिन्याच्या मध्यावर रुजू झालात आणि तोवर पगाराची यादी बंद झालेली असेल, तर पहिला पगार पुढच्या महिन्याच्या शेवटी.

डिपॉझिटचे नियम जागोजागी वेगळे असतात, आणि जाण्याआधी तिथला कायदा वाचून ठेवणे हे सगळ्यात स्वस्त काम आहे. इंग्लंडमध्ये २०१९ च्या कायद्याने बहुतेक घरांसाठी डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यावर रोखले आणि भाडेकरूकडून एजंटने फी घेणेही बंद केले. जर्मनीत कमाल मर्यादा तीन महिन्यांचे मूळ भाडे, पण भाडेकरूला ते तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क आहे. नव्याने आलेल्या कित्येकांना हे माहीत नसते आणि ते सगळे एकदम भरून मोकळे होतात. जपानमध्ये कित्येक घरांना डिपॉझिटखेरीज घरमालकाला द्यायची 'रेइकिन' नावाची रक्कम असते, आणि ती परत मिळत नाही. दलाली कोणी द्यायची, हेही असेच विचारून घ्यायचे.

पहिले भाडे, डिपॉझिट, दलाली, सामान हलवणे, गादी-भांडी-पडदे, आणि पगार येईपर्यंतचे जेवण व प्रवास: बेरीज भाड्याच्या पाच-सहा पटीपर्यंत सहज जाते. एवढे नसेल तर नोकरी नाकारायची गरज नाही, पण सही करण्याआधी कंपनीकडे स्थलांतर भत्ता किंवा पगारातून हळूहळू कापला जाणारा ॲडव्हान्स मागा. ही विचारायची वेळ एकदाच येते. रुजू झाल्यावर तोच प्रश्न मेहेरबानी मागितल्यासारखा होतो. प्रवासखर्चाचेही विचारा. फ्रान्समध्ये कर्मचाऱ्याच्या सार्वजनिक वाहतुकीच्या पासचा निम्मा खर्च मालकाने देणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि जपानी कंपन्या पासचे पैसे देतात हे इतके रूढ आहे की तिथे घर शोधताना लोक भाडे आणि वेळ एवढेच मोजतात.

पायरी ३: पहिला महिना तात्पुरता मुक्काम

ऑनलाइन फोटो बघून वर्षाचा करार करू नका. तीन ते सहा आठवड्यांसाठी ओळखीच्यांकडे, होस्टेलवर, कंपनीच्या गेस्ट हाऊसमध्ये किंवा कोणाच्या रिकाम्या खोलीत राहा. दररोजच्या हिशेबाने हे महाग दिसते, पण चुकीच्या घराचा लॉक-इन, म्हणजे ठरावीक मुदतीआधी घर न सोडण्याची अट, तोडताना जे जाते त्यापुढे काहीच नाही. शिवाय तुम्ही शहरात असलात की त्याच दिवशी घर बघायला जाता येते, आणि चांगली घरे त्याच दिवशी जातात.

घर न बघता "टोकन पाठवा, चावी कुरियरने येईल" असे कोणी म्हणाले तर तिथेच फोन ठेवायचा. मालक परदेशी आहे, भाडे बाजारापेक्षा बरेच कमी आहे आणि घाई आहे, या तीन गोष्टी एकत्र आल्या की फसवणूक समजावी.

पायरी ४: अंतर मिनिटांत मोजा

१९७० च्या दशकात याकोव्ह झहावी यांनी आणि पुढे १९९४ मध्ये इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी दाखवले, की वाहन कोणतेही असो, माणसे सरासरीने दिवसाला साधारण तासभर प्रवासात घालवतात. गाड्या वेगवान झाल्या की शहर पसरते, तास तेवढाच राहतो. ही सरासरी आहे हे खरे, पण स्वतःची मर्यादा ठरवायला ती चांगली खूण आहे. एका बाजूने दारापासून टेबलापर्यंत ४५ मिनिटे सुखाची, ६० सोसण्याजोगी, त्यापुढे प्रत्येक दहा मिनिटांसाठी भाड्यात भक्कम सूट मिळाली पाहिजे.

नकाशावर वर्तुळ काढून उपयोग नाही. 'आयसोक्रोन' नावाचे नकाशे मिळतात. ऑफिसचा पत्ता आणि मिनिटे दिली की तेवढ्या वेळात जिथून पोहोचता येते तो भाग ते रंगवून देतात. तो कधीच गोल येत नाही. रेल्वेमार्गांवर लांब बोटे फुटलेली असतात आणि मधे मोठमोठ्या फटी. घर या बोटांच्या टोकांवर शोधायचे. नेहमीच्या नकाशा ॲपमध्ये "अमुक वाजता पोहोचायचे आहे" हा पर्याय लावून मंगळवार किंवा बुधवारची ऑफिसची वेळ टाका. रविवारी दुपारी शोधलेला मार्ग रविवारी दुपारचाच असतो.

आता जरा बारकाईने. केंद्रापासून दूर जाताना भाडे उतरत जाते, हे विल्यम अलोन्सो यांनी १९६४ मध्ये सिद्धान्तरूपाने मांडले. पण ते घसरगुंडीसारखे सलग उतरत नाही, आणि नवख्याचा फायदा याच खाचखळग्यांत असतो. जलद गाडी थांबते त्या स्टेशनभोवती भाडे चढते, शेजारच्या न थांबणाऱ्या स्टेशनला ते उतरते. अशा वेळी दोन्हींच्या मधली, जलद थांब्यापर्यंत सायकलने दहा मिनिटांत जाता येईल अशी वस्ती बघा. तिकिटाचा झोन, म्हणजे एका दराचा पट्टा, जिथे बदलतो त्या रेषेच्या अलीकडचे आणि पलीकडचे घर पायी पाच मिनिटांवर असते, पण पासच्या किमतीत बराच फरक पडतो. गाडी जिथून सुटते ते स्टेशन दूर असले तरी बसायला जागा मिळते; बसून गेलेली ५० मिनिटे आणि लोंबकळत गेलेली ३५ मिनिटे यांत मी तरी पहिली घेईन. आणि ज्या वस्तीला दोन वेगळे मार्ग जातात ती एकमार्गी वस्तीपेक्षा थोडी महाग असली तरी घ्यावी. गाड्या बंद पडतात, आणि त्या दिवशी दुसरा मार्ग लागतोच.

पायरी ५: रस्ता स्वतः चालून बघा

घर आवडले तर करार करण्याआधी, कामाच्या दिवशी, ऑफिसच्या खऱ्या वेळेला त्या दारातून निघा. घड्याळ लावा आणि टप्पे लिहा. जाहिरातीत असते "स्टेशन १० मिनिटे, तिथून ऑफिस ३५ मिनिटे", म्हणजे ४५. प्रत्यक्षात कागद असा दिसू शकतो: कुलूप लावून लिफ्टने खाली, ३. स्टेशनपर्यंत चालणे, १२, कारण मधल्या सिग्नलला थांबावे लागले. फलाटावर पोहोचणे, ३. पहिल्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, दुसरीची वाट, ५. गाडीत ३५. गाडी बदलणे, ६. स्टेशन ते इमारत, ७. सुरक्षा तपासणी आणि लिफ्ट, ४. झाली ७५. यातली गाडीची ३५ मिनिटे तेवढी जाहिरातीत खरी होती.

परतीचा प्रवासही बघा, आणि एकदा रात्री उशिरा. शेवटची गाडी किती वाजता, तिच्यापुढची बस तोवर चालू असते का, स्टेशनपासूनच्या रस्त्यावर दिवे आहेत का, दुकाने उघडी असतात का. रात्री उशिरा सुटणाऱ्यांना हा शेवटचा टप्पा टॅक्सीने करावा लागला, तर स्वस्त घराची सगळी बचत त्यातच संपते.

पायरी ६: दोन घरे शेजारी मांडा

घर 'अ' ऑफिसजवळ: भाडे ४२, वीज-पाणी-इंटरनेट ५, प्रवास २. एकूण ४९. एका बाजूला २५ मिनिटे.

घर 'ब' दूर: भाडे २७, वीज वगैरे ५, गाडीचे तिकीट ७, स्टेशनपर्यंतची बस ४. एकूण ४३. एका बाजूला ७५ मिनिटे.

नुसते भाडे पाहिले तर 'ब' १५ भागांनी स्वस्त. प्रवास धरला की फरक ६ वर येतो. आता वेळ. जाताना ५० आणि येताना ५० मिनिटे जास्त, महिन्याचे २२ दिवस: २२०० मिनिटे, म्हणजे साडेछत्तीस तासांहून थोडे अधिक. ६ भाग वाचवायला तुम्ही एवढे तास दिलेत, म्हणजे तासाला ०.१६. तुमचा पगार तासाला किती? दिवसाचे आठ तास, २२ दिवस, १७६ तासांत १०० भाग, म्हणजे ०.५७. स्वतःचा वेळ तुम्ही पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी दराने विकताय.

मग वेळेची योग्य किंमत कोणती धरायची? अमेरिकेचे परिवहन खाते रस्ते-पुलांच्या फायद्यातोट्याचा हिशेब करताना स्थानिक खाजगी प्रवासाच्या तासाला उत्पन्नाच्या तासाच्या निम्मी किंमत देते. तो मापदंड घेतला तर तासाला ०.२८ भागांहून कमी वाचवणारे दूरचे घर तोट्याचे. 'ब' नापास. गंमत म्हणजे जाहिरातीतली ४५ मिनिटे खरी मानली असती, तर जादा वेळ महिन्याला पंधरा तासांच्या आत बसतो, तासाला ०.४ भाग वाचतात आणि हेच घर पास होते. पाचव्या पायरीला एवढी जागा दिली ती यासाठी.

पण याच कोष्टकात घरून काम घाला. आठवड्याला दोन दिवस घरून काम असेल, म्हणजे महिन्याला ऑफिसचे १३ दिवस, आणि तिकीट रोजचे रोज काढत असाल, तर 'ब' चा प्रवासखर्च ११ वरून साडेसहावर येतो आणि 'अ' चा सव्वावर. फरक जवळजवळ १० भागांचा होतो, जादा तास बावीसच्या आत येतात. तासाला ०.४५. आता दूरचे घर शहाणपणाचे, शिवाय काम करायला एखादी जादा खोली मिळते. मात्र ती घरून कामाची सवलत नेमणूकपत्रात लिहिलेली हवी. साहेबांच्या तोंडी शब्दावर वर्षाचा करार करू नये.

यावर कोणी म्हणेल, प्रवासाची सवय होते. स्विस अर्थतज्ज्ञ अलोइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय यांनी जर्मनीतल्या कुटुंबांच्या अनेक वर्षांच्या पाहणीतून २००८ मध्ये दाखवले, की लांबचा प्रवास करणारे आयुष्याबाबत कमी समाधानी असतात. स्वस्त घर किंवा जास्त पगार यांनी ती उणीव भरून निघत नाही. थोडक्यात, दूरच्या घराची किंमत माणसे कमी लावतात.

पायरी ७: भाडे खाली आणायचे मार्ग

सगळ्यात मोठी बचत भागीदारीत आहे. दोघांनी दोन वेगवेगळी एक खोलीची घरे घेण्यापेक्षा दोन खोल्यांचे एक घर माणशी स्वस्त पडते, कारण स्वयंपाकघर, न्हाणीघर, इंटरनेट आणि डिपॉझिट वाटले जाते. खोल्या लहानमोठ्या असतील तर भाडे कसे वाटायचे यावर फ्रान्सिस सू या गणितज्ञाने १९९९ मध्ये चक्क एक प्रमेय लिहिले. दोघांपुरता सोपा उपाय असा, की एकाने भाड्याची विभागणी करायची आणि दुसऱ्याने आधी खोली निवडायची. वाटणी करणारा मग आपोआप न्यायाने वागतो. करारावर दोघांची नावे घाला, नाहीतर एक जण सोडून गेला की सगळे भाडे एकावर येते.

घासाघीस करताना भाड्याचा आकडा हलत नसेल तर बाकीचे हलवा: डिपॉझिट दोन हप्त्यांत, रंगकाम मालकाकडून, पहिला अर्धा महिना माफ, किंवा दोन वर्षे राहण्याच्या बदल्यात भाडेवाढीवर मर्यादा. कॉलेजे सुरू होण्याआधीच्या आठवड्यांत यातले काहीच चालत नाही. शक्य असेल तर तो हंगाम टाळा.

पायरी ८: करार आणि पास

करारात चार गोष्टी बोट ठेवून वाचा: नोटीस किती दिवसांची, लॉक-इन किती, भाडेवाढ केव्हा आणि किती, आणि डिपॉझिटमधून काय काय कापता येते. वीज-पाणी-गरम पाणी भाड्यात धरलेले आहे का, हे लेखी हवे. ताबा घेताना प्रत्येक खोलीचा, नळांचा, भिंतींवरच्या डागांचा व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी मालकाला पाठवा.

वर्षाचा पास पहिल्याच आठवड्यात काढू नका. पासच्या किमतीला एका फेरीच्या तिकिटाने भागा. जितक्या फेऱ्या निघतील त्याहून नक्की जास्त होणार असतील तरच पास. सुट्ट्या, आजारपण आणि घरून कामाचे दिवस वजा करून मोजा. लंडनसारख्या शहरात एकच कार्ड वापरत राहिलात तर दिवसाच्या किंवा आठवड्याच्या भाड्याला आपोआप कमाल मर्यादा लागते, तिथे पास काढायची घाईच नको. फक्त जाताना फोन आणि येताना कार्ड असे करू नका. यंत्राला ती दोन वेगळी माणसे वाटतात आणि मर्यादा लागत नाही.

गाडी घेण्याचा विचार असेल तर पेट्रोलच्या शेजारी हप्ता, विमा, दुरुस्ती, घसारा आणि दोन्ही टोकांचे पार्किंग लिहा. महागड्या शहरात बहुधा एवढ्यावरच उत्तर मिळते.

पायरी ९: दोन महिन्यांनी पुन्हा वही उघडा

दोन पूर्ण पगार झाले की खरे आकडे अंदाजांशेजारी लिहा. बहुतेकांचा भाड्याचा अंदाज बरोबर येतो आणि शेवटच्या टप्प्याच्या टॅक्सीचा व कंटाळून बाहेरून मागवलेल्या जेवणाचा चुकतो. उशिरा घरी पोहोचणाऱ्याचे बाहेरचे जेवण हा प्रवासखर्चच आहे, त्या रकान्यात लिहा. बेरीज ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेली असेल तर लॉक-इन संपण्याची तारीख बघा, तिच्यातून नोटीसचे दिवस वजा करा आणि त्याच्याही महिनाभर आधीचा शनिवार कॅलेंडरमध्ये लावून ठेवा. त्या दिवशी परत आयसोक्रोन काढायचा, पण या वेळी घड्याळातली मिनिटे तुमची स्वतःची असतील, आणि कोणत्या स्टेशनच्या कोणत्या बाजूला बघायचे हे जाहिरात सांगायच्या आधी तुम्हाला माहीत असेल.